दोन धावपट्ट्यांमधलं कबूतर

मी राखाड्या बोलतोय. जातीनं कबूतर, रंगानं नावाप्रमाणे, आणि स्वभावाचं म्हणाल तर ते पुढे कळेलच. जरा भरभर सांगेन. मला एका जागी टिकता येत नाही. बोलतानासुद्धा मान हलत राहते, ते मनावर घेऊ नका, आमच्यात तसंच असतं.

दोन गावं आहेत. दोन्ही गावांना छोटे छोटे विमानतळ. एका विमानतळाच्या कुंपणाला लागून माझं घर, आणि दुसऱ्याच्या पलीकडे आत्याचं. दोघांमध्ये अंतर किती, हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. नकाशावर पट्टी ठेवणारा म्हणतो, दोनशे किलोमीटर. बसचा ड्रायव्हर म्हणतो, सकाळी निघालो तर अंधार पडायच्या आत पोचवतो, डोंगराला वळसा आहे. तिकिटाच्या खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणते, "चाळीस मिनिटं." अंतर विचारलं तर वेळ सांगायची, ही माणसांची गंमतच आहे. मला मात्र कोणी विचारत नाही. खरं तर हे अंतर मी तीनदा टोपलीत बसून गेलोय आणि दोनदा स्वतःच्या पंखांनी कापलंय, म्हणजे बोलायचा अधिकार असलाच तर माझा आहे.

माझा जन्म दादाच्या गच्चीवरचा. दादा म्हणजे माझा मालक, पण मालक म्हणायला मला कसंतरीच होतं. त्याची बहीण त्याला दादा म्हणते, विमानतळावरचे सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही. तो आम्हाला 'माझी पोरं' म्हणायचा, त्यामुळे त्याची बहीण आमची आत्या झाली आणि बायको मात्र वहिनीच राहिली. नात्याचा हिशेब जुळत नाही, पण आमच्याकडे तो कधी कोणी केला नाही.

सामानाची मोडकी खोकी आणून, त्यांच्या फळ्या ठोकून दादानं आमची खुराडी बनवली होती. फळ्यांवर 'नाजूक वस्तू, जपून उचला' असं छापलेलं तसंच राहिलं होतं. त्या अक्षरांखाली मी अंड्यातून बाहेर आलो. माझ्या पाठोपाठ पांढरी आली. आम्ही दोघं एकाच घरट्यातले, एकमेकांच्या अंगावर पाय देऊन वाढलेले.

आता दादाची नोकरी ऐका. विमानतळावर त्याचं काम काय, तर पक्षी हाकायचे. हसू नका, हे जबाबदारीचं काम आहे. विमान यायच्या आणि सुटायच्या वेळी धावपट्टीवर एक चिमणीसुद्धा दिसता कामा नये. दादा जीप घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा, हात हलवायचा, ओरडायचा, आणि गॅसवर चालणारं एक नळकांडं होतं ते वाजवायचा. धडाम्! आवाज असा की गवतातल्या टिटव्या, बगळे सगळे एकदम आभाळात. मग तो संध्याकाळी घरी यायचा, गच्चीवर चढायचा, धान्याचा पत्र्याचा डबा खुळखुळवायचा आणि "आऽ आऽ" करून आम्हाला बोलवायचा.

"दिवसभर पाखरं हाकायची आणि संध्याकाळी तीच घरी बोलवायची," वहिनी जिन्यातून ओरडायच्या. "तुमच्या डोक्याचं काय करावं, तेच मला कळत नाही!"

"अगं, ती वेगळी. ही आपली."

"विमानाला कळतं का, आपली कोणती न् परकी कोणती?"

दादा हसायचा आणि मूठभर धान्य टाकायचा. वहिनींचं बोलणं तेव्हा त्यानं हसण्यावारी नेलं.

चूक कुठे झाली ते मला आता दिसतं. नळकांडं वाजलं की सगळे पक्षी जीव घेऊन पळत, आम्ही मात्र ढिम्म. आमच्या कानाला तो आवाज अंड्यात असल्यापासूनचा. आमच्या लेखी धडाम् म्हणजे दादा कामावर आहे, जवळच आहे, काळजी नाही. कोणाच्या बापाचं घोरणं असतं, आमच्या बापाचं नळकांडं होतं.

एका संध्याकाळी पांढरी कुंपण ओलांडून धावपट्टीच्या कडेला गवताचं बी टिपायला गेली. विमान यायची वेळ. दादानं नळकांडं वाजवलं. टिटव्या उडाल्या, बगळे उडाले. पांढरी तेवढी मान उंचावून बघत राहिली, दादा कुठे दिसतोय का म्हणून. उडाली तेव्हा फार उशीर झाला होता, आणि नेमकी विमानाच्या तोंडावर गेली.

विमान उतरलं. वीसच्या वीस माणसं धडधाकट खाली आली. पण वैमानिक बाईंच्या समोरच्या काचेला आडवा तडा गेला होता. "जरा जोरात लागलं असतं ना," एवढंच त्या म्हणाल्या. काच दादानंच पुसली. पुसताना पिसं त्याच्या ओळखीची निघाली. घरी येऊन तो गच्चीवर बसला आणि कितीतरी वेळ डबा हातात धरून होता, वाजवला नाही. मी त्याच्या गुडघ्यावर जाऊन बसलो. त्यानं मला उचलून बाजूला ठेवलं. असं त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब घरी आले. विमानतळाचे मोठे साहेब. माणूस वाईट नव्हता, पायऱ्या चढून धापा टाकत गच्चीवर आला आणि आधी पाणी मागितलं.

"दादा, पगार कशाचा घेतोस?"

"पक्षी हाकायचा."

"मग हे काय आहे?"

साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. गच्ची रिकामी झाली नाही तर नोकरी गेली, आणि घर विमानतळाचं, म्हणजे घरही गेलं.

आमची पांगापांग झाली. लहान पिल्लं ज्यांच्याकडे दिली तिथे रमली. म्हातारी जोडपी लांबच्या एका वाडीत गेली. माझं काय करायचं हाच प्रश्न होता. मला दोनदा जवळपास कोणाकोणाला देऊन झालं, पण दादा परत येऊन चप्पल काढतो न काढतो तोवर मी गच्चीवर हजर. तेव्हा त्यानं आत्याला बोलावलं. आत्या शिवणकाम करते, एकटी राहते, दुसऱ्या गावात.

"डोंगरापलीकडून कसा येईल?" दादा म्हणाला. "पाखरू पाण्याची टाकी, मनोरा, रस्ता असं बघून वाट लक्षात ठेवतं. टोपलीवर कापड टाकायचं आणि विमानानं न्यायचं. हवेतून नेलं की मागे वाटच राहत नाही."

इतकी वर्षं कबुतरं पाळली, पण आम्हाला घर कसं सापडतं हे दादाला अजून कळलेलं नाही. तसं ते मलाही नीट सांगता यायचं नाही. डोळ्यांचा त्यात फारसा संबंध नाही एवढं नक्की. छातीच्या आत काहीतरी ओढतं, आणि ते ओढतं त्या दिशेला घर असतं.

तर असा मी विमानात बसलो, आत्याच्या मांडीवर, टोपलीत. थोडं वर गेल्यावर तिला दया आली आणि तिनं कापडाचा कोपरा उचलला. त्यामुळे विमानात माणसं काय करतात ते मला दिसलं. काही म्हणजे काही करत नाहीत! पट्टा बांधतात, डोळे मिटतात आणि पोचेपर्यंत जगातून वजा होतात. खाली नदी चमकत होती, डोंगराच्या पाठीवरून ढगाची सावली सरकत होती, एकानंही बघितलं नाही. चाकं टेकली मात्र, सगळे एकदम उभे! दार उघडलेलं नाही, पुढे सरकायला जागा नाही, तरी डोक्यावर पिशव्या घेऊन वाकडे उभे. शेजारचा एकजण फोनवर ओरडून सांगत होता, "हो हो, आलोच, लांब काय आहे, चाळीस मिनिटं!" मला हसावं की रडावं कळेना.

आत्यानं मला एका खोलीत ठेवलं, बोलली, खाऊ घातलं. मी खात होतो, पण पाय थांबत नव्हते. खिडकीपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून खिडकीपर्यंत. काही दिवसांनी तिला वाटलं, रमला. तिनं मला गॅलरीत सोडलं.

मी एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि निघालो.

चाळीस मिनिटं म्हणणाऱ्यांना एकदा माझ्याबरोबर आणायला हवं. वारा समोरून होता. वारा समोरून असला की विमानालाही उशीर होतो, पण त्यात बसलेल्यांना फार तर कंटाळा येतो. मला एकेक शेत ओलांडताना कष्ट पडत होते. डोंगरावर ससाणा मागे लागला. मी झाडीत शिरलो, काट्यांतून बाहेर पडलो, नदीवर आलो तर तहान लागलेली आणि खाली उतरायची छाती होईना. त्यानंतर विजेच्या तारा आल्या, मग लांबच लांब माळ. सगळी सकाळ गेली. आणि ती ओढ इतकी सरळ की मला थेट धावपट्टीवरच घेऊन आली. विमानही त्याच रेषेनं येतं. दोघांनाही वाकडी वाट माहीत नाही.

धावपट्टीच्या टोकाला दादा उभा होता. त्याला लांबून फक्त एक पक्षी दिसला. त्यानं नळकांडं वाजवलं. धडाम्! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, दादा कामावर आहे! पंख मिटून मी सरळ त्याच्या खांद्यावर उतरलो.

"राखाड्या?" तो म्हणाला. त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पांढरा पडला. त्यानं इकडे तिकडे बघितलं, मला जाकिटाच्या आत कोंबलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. आत त्याचं काळीज नळकांड्याच्या वरताण वाजत होतं.

घरी फोनवर भांडण झालं. "कापड काढलं होतंस का? खरं सांग!" आणि आत्या बिचारी खरं बोलली. झालं, दादाची खात्री पटली. दुसऱ्या वेळी दोन कापडं, वर दोरी. या खेपेला मला वैमानिक बाईंनी नेलं, त्याच, ज्यांच्या काचेला तडा गेला होता. टोपली त्यांनी सीटमागे ठेवली. "तुझा राग नाही रे मला," विमान वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "भीती वाटते." मी अंधारात बसून इंजिनाची घरघर ऐकत होतो आणि घर माझ्या पाठीमागे ताणत ताणत चाललं होतं, मला अगदी नीट कळत होतं कुठे आहे ते.

आत्यानं मला यावेळी बरेच दिवस कोंडून ठेवलं. मग एकदा शेजारीण कापड टाकायला आली, दार जरा उघडं राहिलं आणि मी सटकलो. वारा मागून होता. भन्नाट उडालो. पण घाई नडली. आलो तो नेमका विमान सुटायच्या वेळी. विमानाला धावपट्टीच्या तोंडाशी थांबवून ठेवावं लागलं, आणि सगळ्यांच्या देखत मी दादाच्या खांद्यावर जाऊन बसलो.

साहेबांनी आवाज चढवला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"दादा, या विमानात तुझी बहीण येते ना तुझ्याकडे?"

"येते."

"मग मला काही सांगायला लावू नकोस. तिसऱ्यांदा हा इथे दिसला तर छर्‍याच्या बंदुकीनं तू त्याला पाडायचंस. तुझ्यानं होत नसेल तर आत्ता सांग, मी दुसरा माणूस ठेवतो. तो पाडेल."

मी दादाचा कान टोचत होतो, चल घरी म्हणून.

"माझ्यानं होईल," दादा म्हणाला. "दुसरा नको."

त्या रात्री वहिनींनी मला स्वतःच्या हातानं मटार चारले. कधी नव्हे ते.

तिसऱ्या वेळी मला न्यायला दादा स्वतः आला. विमानतळावर उभा जन्म गेला, पण विमानात तो कधी बसला नव्हता. पट्टा कसा लावायचा तेही त्याला कळेना, वैमानिक बाईंनी येऊन लावून दिला. विमान वर चढलं आणि त्यानं खाली पाहिलं. त्याची धावपट्टी, त्याची जीप, आमची गच्ची.

"एवढीशी?" तो पुटपुटला.

त्यानं टोपलीवरचं कापड पूर्ण काढून टाकलं. आता कशाला लपवायचं? सगळं विमान झोपलं होतं आणि आम्ही दोघं खिडकीला नाक लावून बसलो होतो. नदी आली, डोंगर आले. डोंगर बघून त्याचा पाय हलायला लागला तो थांबेचना. "हे सगळं तू एकट्यानं कापलंस? दोनदा?" त्यानं मला विचारलं. "कशासाठी रे? मूठभर दाण्यांसाठी?" मी मान हलवत होतो, पण आमची मान नेहमीच हलते, त्यामुळे त्याला उत्तर कळलं नसावं. दाण्यांसाठी नव्हतं, दादा. दाणे आत्याकडे जास्त मिळतात. त्या दिवशीची चाळीस मिनिटं मला फारच थोडी वाटली.

आत्याच्या घरी त्यानं तिची कापडाची कात्री मागून घेतली. माझा पंख उलगडून धरला आणि उडायची मोठी पिसं एकेक करून कापली. दुखत नाही, तुमची नखं कापल्यासारखंच असतं. पण दादाचं नाक वाहत होतं आणि तो ते बाहीला पुसत होता.

"दादा, राहू दे, मी जपेन त्याला," आत्या म्हणाली.

"नको. तो परत आला तर मला नेम धरायचीसुद्धा गरज पडायची नाही. आवाज ऐकला की हा पळून जात नाही गं, माझ्याकडेच येतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि मी पाडणार. शब्द दिलाय. पुढच्या खेपेला त्या विमानात तू असलीस तर?"

तो संध्याकाळच्या विमानानं गेला. मी गॅलरीच्या कठड्यावर उडी मारायला गेलो आणि धप्पकन जमिनीवर पडलो.

त्यानंतर मी इथेच आहे. आत्याचं शिलाई मशीन खिडकीशी आहे, मी तिच्या पायांत चिंध्यांवरून फिरत असतो. दिवसभर फिरतो. तिनं मला आता कोंडायचं सोडून दिलंय, गरजच काय? दोरे पायात अडकतात, ती हसून सोडवते. मी तिला आवडतो आणि मलाही ती आवडते, यात खोटं काही नाही.

रोज संध्याकाळी दादाचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला. "आहे ना?"

"आहे रे, पायाशीच आहे."

"डबा वाजवू?"

"वाजव. त्याला बरं वाटतं."

आत्या फोन माझ्याजवळ धरते. तिकडून धान्य खुळखुळतं आणि दादा म्हणतो, "आऽ आऽ." दोघं भाऊबहीण खुश होतात. मला काय होतं ते त्यांना कोण सांगणार? त्यानंतर मला कितीतरी वेळ झोप येत नाही, छातीतली ओढ इतकी वाढते की मी खिडकीखालच्या भिंतीवर पाय घासत राहतो. माया करायची म्हणून ते मला रोज घरी बोलावतात आणि मी येऊ नये म्हणून देवाची प्रार्थना करतात.

आणि आता एक गोष्ट झालीय, ती या घरात फक्त मला माहीत आहे. आमची पिसं वर्षाकाठी गळतात. कापलेले खुंटही गळले. आत्यानं ते चिंध्यांबरोबर झाडून टाकले, तिचं लक्ष मशीनवर होतं. त्यांच्या जागी नवीन आली, एकेक करून, लांब आणि टणक. काल ती बाजारात गेली होती तेव्हा मी जमिनीवरून कपाटावर गेलो. एका झेपेत.

आज फार उकडतंय. आत्यानं खिडकी सताड उघडलीय. ती पाठमोरी बसून कोणाच्या तरी झग्याला काठ लावतेय. मघाशीच सकाळचं विमान डोक्यावरून गेलं, आमच्या गावाच्या दिशेनं. ते आता चाळीस मिनिटांत पोचेल. दादा टोकाला उभा असेल.

पिंजऱ्यातला पक्षी माणसांकडे काय मागतो, ते सगळ्यांना पाठ असतं. मी उलटं मागतोय, म्हणून कोणाला समजत नाही. मघापासून मी आत्याच्या पायाला चोची मारतोय. तिला वाटतं भूक लागली. तिनं न बघताच दाणे टाकले.

आत्या, मला दाणे नकोत. जरा वळून माझ्या पंखाकडे बघ. मी काही शहाणा नाही गं, आणि मला थांबताही येत नाही. जायचं नाही हे मला कळतं, पण छातीला कळत नाही. एकदा निघालो की मी सरळ त्याच्याकडेच जाणार, आणि त्याला शब्द पाळावा लागणार. मी तर सुटेन एका क्षणात. त्याचं काय होईल?

मी आता खिडकीच्या चौकटीवर आलोय. पाय घट्ट रोवून धरलेत. वारा मागून आहे.

आत्या, मशीन थांबव. उठ ना, खिडकी लावून घे.